रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात खरंच संशोधन होतं का?

तुम्ही लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातून अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, वय चोवीस. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक आणि धोरण संशोधन विभागाची, म्हणजे ‘डीईपीआर’ची ग्रेड ‘बी’ अधिकारीपदाची परीक्षा द्यावी, की थेट परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करावेत? तिथे खरंच संशोधन होतं की नुसते अहवाल लिहावे लागतात? स्वतःचं मत मांडायची मोकळीक असते का? आणि बारावीपर्यंत मराठी माध्यम असल्यामुळे अडेल का?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं याच विभागात गेली. आता निवृत्त आहे, म्हणून हे लिहू शकतोय. नोकरीत असतो तर लिहिण्याआधी दहादा विचार करावा लागला असता आणि बहुधा परवानगीही घ्यावी लागली असती. मोकळीकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. उरलेलं पुढे देतो.

आधी एक गोष्ट. तुम्ही विचारताय ‘संशोधन होतं का’. पण तुम्हाला खरं ठरवायचंय ते हे, की आयुष्यभर कोणाच्या प्रश्नांवर काम करायचं. विद्यापीठात प्रश्न तुमचा असतो आणि मुदतही बरीचशी तुमच्याच हातात. मध्यवर्ती बँकेत प्रश्न वरून येतो, गुरुवारी संध्याकाळी येतो आणि उत्तर सोमवारी सकाळी हवं असतं. ते उत्तर वाचणारी माणसं मोजकीच, पण त्यांच्या निर्णयाने देशभरातल्या गृहकर्जाचे हप्ते हलतात. काहींना यात जीव रमतो, काही दोन वर्षांत कंटाळतात. दोन्ही प्रकारची हुशार माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे याचा हुशारीशी फारसा संबंध नाही.

आता काम काय असतं ते. बँकेत संशोधन आणि सांख्यिकीचा वेगळा विभाग १९४५ साली सुरू झाला. पुढे त्याचे भाग पडले, नावं बदलली. आज अर्थशास्त्राची बाजू डीईपीआरकडे आहे आणि सांख्यिकीची ‘डीएसआयएम’, म्हणजे सांख्यिकी आणि माहिती व्यवस्थापन विभागाकडे. वार्षिक अहवाल, डिसेंबरमध्ये येणारा बँकिंगच्या कल आणि प्रगतीचा अहवाल, राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास, दर महिन्याचं बुलेटिन, देशाच्या आंतरराष्ट्रीय देण्याघेण्याचा ताळेबंद, या सगळ्याचं लेखन किंवा जुळवाजुळव इथे चालते. यातले काही अहवाल कायद्यानेच बंधनकारक आहेत. शिवाय आमच्या केडरची माणसं पतधोरण विभागातही जातात आणि तिथे महागाईचे अंदाज, मॉडेलं आणि व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीपुढे जाणारी टिपणं तयार होतात.

म्हणजे ‘नुसते अहवाल लिहावे लागतात का’ याचं उत्तर ‘हो, बरेच’ असं आहे. पण अहवालाला तुच्छ मानू नका. राज्यांच्या अर्थसंकल्पांवर काम करताना प्रत्येक राज्याची अंदाजपत्रकं उघडून बसावं लागतं. कुठला खर्च महसुली खात्यात टाकलाय, कुठला भांडवली खात्यात, हमी किती दिल्यात, महामंडळाच्या नावावर कर्ज काढून अर्थसंकल्प कसा सोज्वळ दिसतोय, हे पानागणिक कळत जातं. हे शिक्षण कुठल्याही एम.ए.च्या अभ्यासक्रमात मिळत नाही. उलट सगळंच काही रोचक असतं असंही नाही. संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं, परदेशी शिष्टमंडळासाठी माहिती, वरिष्ठांच्या भाषणासाठी आकडे, यात आठवडेच्या आठवडे जातात.

रोजचं काम कसं दिसतं ते एका प्रसंगावरून सांगतो. यातलं सगळं सार्वजनिक आहे, त्यामुळे कसला गौप्यस्फोट नाही. २०२३ चा जुलै आठवा, टोमॅटो सोन्याच्या भावाने विकला जात होता. पतधोरण समितीची बैठक ८ ते १० ऑगस्टला होती. जुलैच्या महागाईचा अधिकृत आकडा मात्र १४ ऑगस्टला येणार होता. म्हणजे समितीने निर्णय घ्यायचा तो जूनच्या आकड्यावर, आणि जूनचा आकडा पाच टक्क्यांच्या आत होता. हातात असलेला आकडा शांत आणि बाजारात आग, अशी अवस्था.

अशा वेळी संशोधन विभागातला माणूस काय करतो? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे देशभरातल्या केंद्रांवरून रोजचे किरकोळ भाव येतात. तो ते घेतो आणि ग्राहक किंमत निर्देशांकातल्या वजनांशी, म्हणजे सरासरी घरखर्चातल्या त्या त्या वस्तूच्या वाट्याशी, जोडतो. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या त्या मालिकेत टोमॅटोचं वजन शंभरात जेमतेम ०.५७ होतं. आता ढोबळ हिशोब करून पाहा. एवढ्याशा वजनाच्या वस्तूचा भाव तिप्पट झाला, तर एकट्या तिच्यामुळे निर्देशांकात एक टक्क्याहून जास्त भर पडते. त्यात इतर भाज्या, डाळी आणि मसाले मिळवायचे. खाद्यपदार्थ आणि पेयांचा गट तर त्या निर्देशांकात ४५.८६ टक्के होता. समितीने त्या बैठकीत जुलै-सप्टेंबर तिमाहीचा अंदाज ५.२ वरून ६.२ टक्क्यांवर नेला, रेपो दर (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो) मात्र ६.५० टक्क्यांवरच ठेवला. चार दिवसांनी जुलैचा आकडा आला, ७.४४ टक्के.

पण हिशोब हा त्यातला सोपा भाग. तो आज एखादा चुणचुणीत विद्यार्थी लॅपटॉपवर करेल. अवघड प्रश्न पुढचा असतो: हे टिकणार का? इथे अर्थशास्त्राबरोबर शेती कळावी लागते. टोमॅटोच्या रोपाला लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. नारायणगाव, कोलार, मदनपल्ले या टोमॅटोच्या बाजारांतली आवक कधी वाढेल याचा अदमास घ्यायचा. मग पाहायचं की ही आग भाजीच्या टोपलीपुरती आहे की कपडे, औषधं, शाळेची फी, हॉटेलचं बिल यांच्यातही शिरतेय. घराघरांत जाऊन महागाईबद्दल विचारणारी बँकेची पाहणी असते, तिच्यात लोक काय म्हणतात तेही बघायचं. (लोक नेहमीच सरकारी आकड्यापेक्षा जास्त महागाई सांगतात. त्यामुळे पातळीपेक्षा तिच्यातला बदल पाहायचा असतो. नव्या माणसाला हे कळायला वेळ लागतो.) सप्टेंबरचा आकडा ५.०२ टक्क्यांवर आला. टोमॅटो उतरला होता.

याला संशोधन म्हणायचं का? मी म्हणेन, हो. त्यात प्रश्न आहे, पुरावा आहे, पर्यायी स्पष्टीकरणं आहेत आणि चूक ठरण्याची पूर्ण शक्यता आहे. फक्त त्यावर लेखकाचं नाव नसतं आणि ते कुठल्या नियतकालिकात छापून येत नाही. हे पचणार असेल तर या कामात गोडी आहे. ‘माझं नाव कुठेय’ हा प्रश्न रोज सतावणार असेल तर नाही.

नावानिशी लिहायला जागा आहेच. बुलेटिनमधले लेख असतात, २०११ पासून सुरू असलेली वर्किंग पेपर मालिका आहे, ‘ऑकेजनल पेपर्स’ आहेत. बाहेरच्या नियतकालिकांत पेपर छापणारे सहकारीही आहेत. पण हे बहुतेक वेळा रोजचं काम उरकून, संध्याकाळी आणि शनिवारी. वरिष्ठ कोण आहे यावर फार अवलंबून असतं. पेपर लिहिणाऱ्याला वेळ काढून देणारे वरिष्ठ मला लाभले, आणि ‘हे काम झालं की बघू’ म्हणत वर्षं घालवणारेही भेटले.

आता मोकळीक. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा आत ती जास्त आहे आणि बाहेर कमी. आतल्या बैठकीत कनिष्ठ अधिकाऱ्याने ‘हे मॉडेल इथे चालत नाही’ असं स्पष्ट म्हटलेलं मी ऐकलंय आणि ते ऐकून घेतलं गेलेलंही पाहिलंय. अट एवढीच, की म्हणणं आकड्यांसकट हवं. बाहेर मात्र संस्थेचा आवाज एकच. प्रत्येक लेखाच्या तळाशी ‘ही मतं लेखकांची आहेत, रिझर्व्ह बँकेची नाहीत’ असं छापलेलं असतं. वाचणारे ते वाचत नाहीत, पत्रकार तर मुळीच नाही. ऑगस्ट २०२२ च्या बुलेटिनमध्ये सार्वजनिक बँकांच्या खासगीकरणावर एक लेख आला. एका झटक्यात खासगीकरण केलं तर फायद्यापेक्षा तोटा जास्त होऊ शकतो, असा त्याचा सूर होता. वर्तमानपत्रांनी मथळे दिले ते जणू खुद्द रिझर्व्ह बँक सरकारच्या धोरणाविरुद्ध बोलतेय असे. शेवटी बँकेला खुलासा काढावा लागला की ही मतं लेखकांची आहेत. यातून दोन्ही गोष्टी दिसतात: असा लेख छापला जाऊ शकतो, आणि छापल्यावर काय होतं.

याचा परिणाम माणसाच्या लिहिण्यावर होतोच. कच्च्या मसुद्यात ‘महागाई वाढेल’ असं असतं. तो मॅनेजरकडून वर सरकत जातो आणि प्रत्येक टेबलावर एखादा शब्द बदलतो. शेवटी वाक्य होतं, ‘महागाईवर वाढीचा दबाव राहू शकतो’. पहिल्या वर्षी याचा राग येतो. पुढे लक्षात येतं की ‘वाढेल’ या एका शब्दावर रोखे बाजारात व्याजदर हलू शकतात, आणि ते हलवण्याचा अधिकार तुमच्या टेबलाला दिलेला नाही. पण एक धोकाही आहे. अशा भाषेची सवय लागली की माणूस विचारही तसाच गुळमुळीत करायला लागतो. म्हणून आतल्या टिपणात तरी स्पष्ट वाक्य लिहायची सवय मोडू देऊ नका. ‘माझ्या मते दर वाढवायला नको, कारण पुढीलप्रमाणे’ असं लिहिता आलं पाहिजे. ते खोडायचं की नाही ते वरचे ठरवतील.

पतधोरण समितीत २०१६ पासून सहा जण असतात, तीन बँकेचे आणि तीन बाहेरचे. प्रत्येकाचं मत आणि त्यामागचं कारण बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्तात नावानिशी प्रसिद्ध होतं. बँकेच्या तिघांत गव्हर्नर आणि डेप्युटी गव्हर्नरांशिवाय एक अधिकारी असतो. २०१६ मध्ये ती जागा मायकेल पात्रा यांना मिळाली. ते संशोधनाच्या बाजूनेच वर आलेले, पुढे डेप्युटी गव्हर्नर झाले. म्हणजे या वाटेने तिथवर जाता येतं. पण त्यासाठी किती दशकं लागतात आणि किती जण पोहोचतात तेही पाहा. एरवी संशोधनाच्या केडरमध्ये वरच्या जागा कमीच. सर्वसाधारण केडरमध्ये पर्यवेक्षण, चलन, परकीय चलन असा पसारा मोठा आणि बढतीची वाट रुंद. ज्यांना अधिकार गाजवायला आवडतो त्यांनी तिकडे जावं.

पीएच.डी.बद्दल. इथे उत्तर तुमच्या परिस्थितीवर आहे आणि तुम्ही ती फारशी सांगितलेली नाही. घरात पैशांची निकड असेल तर परीक्षा द्या, यात कमीपणा काहीच नाही. पगार चांगला आहे, आणि मुंबईत राहायला क्वार्टर मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे हे भाडं भरणाऱ्यालाच कळतं. निकड नसेल, तर स्वतःला विचारा: असा एखादा प्रश्न आहे का ज्यावर पाच वर्षं घालवायला मी तयार आहे? असेल तर आधी पीएच.डी. करा. परदेशातच हवी असंही नाही, गोरेगावची आयजीआयडीआर, म्हणजे इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, ही रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली आहे आणि तिथली माणसं आमच्या विभागात पुष्कळ आहेत. प्रश्न सापडलेला नसेल आणि ‘पीएच.डी. केली पाहिजे’ एवढंच वाटत असेल, तर परीक्षा द्या. कदाचित प्रश्न तुम्हाला इथेच सापडेल.

नोकरीत आल्यावर अभ्यासरजा घेऊन पीएच.डी. केलेले सहकारी आहेत. पण दर वर्षागणिक जाणं जड होत जातं. पगार, क्वार्टर, मुलांची शाळा, आईवडिलांचं वय, सगळं एकदमच वाढतं. आत येऊन जायचं असेल तर पहिल्या चार-पाच वर्षांत हालचाल करा.

परदेशातल्या मध्यवर्ती बँकांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हमध्ये अर्थतज्ज्ञ म्हणून जायला पीएच.डी. लागतेच. निवड पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी जो शैक्षणिक नोकरबाजार भरतो त्यातून होते आणि तिथे स्वतःच्या संशोधनाला आमच्यापेक्षा बराच जास्त वेळ मिळतो. पदवीनंतर दोनेक वर्षं संशोधन साहाय्यक म्हणून काम करून मग पीएच.डी.ला जायची पद्धतही तिथे रुळलेली आहे. मात्र नागरिकत्वाच्या अटी असतात, त्या आधी वाचा. आमच्याकडे एम.ए.वर थेट प्रवेश मिळतो. बरंचसं काम करता करता शिकायचं असतं आणि शिकवणारा माणूस शेजारच्या टेबलावर असतो.

आता तयारी. गणित आणि प्रोग्रॅमिंग हवंच. आर किंवा पायथन यांपैकी एक नीट यावं आणि टाइम सिरीज, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचं विश्लेषण, पक्कं असावं. बँकेचं तिमाही अंदाजाचं मॉडेल, क्यूपीएम, त्यावर बँकेने स्वतःच पेपर प्रसिद्ध केलाय, तो वाचा. सगळा कळला नाही तरी चालेल.

पण माझ्या मते यापेक्षा महत्त्वाची सवय म्हणजे आकडा कुठून आला ते विचारणं. एक उदाहरण देतो. एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बाजारात जाऊन भाव गोळा करणंच शक्य नव्हतं. त्या दोन महिन्यांचे निर्देशांक सांख्यिकी कार्यालयाने नंतर अंदाजाने भरून काढले. आता कोणी २०१२ पायाभूत वर्षाची मालिका सरळ डाउनलोड करून मॉडेलमध्ये टाकतो आणि त्या दोन महिन्यांचंही बाकीच्यांसारखंच विश्लेषण करतो. मॉडेल तक्रार करत नाही, निकालही सुबक येतो. विभागात अशा माणसाला पहिल्याच बैठकीत कोणीतरी शांतपणे विचारतं, ‘एप्रिल वीसचं काय केलंत?’ उत्तर काहीही असो, ते असलं पाहिजे.

घरबसल्या एक सराव करा. महागाईचा आकडा महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास येतो. ‘डीबीआयई’ या बँकेच्या संकेतस्थळावरची आकडेवारी आणि रोजचे किरकोळ भाव घेऊन दहा तारखेला तुमचा अंदाज कागदावर लिहा, कारणांसकट, एका पानात. बारा तारखेला ताडून पाहा आणि चुकलं तर कुठे चुकलं तेही लिहा: भाज्यांत, सोन्यात, की मागच्या वर्षीच्या आधाराच्या परिणामात (म्हणजे ज्याच्याशी तुलना होते तो गेल्या वर्षीचा आकडाच फार वर किंवा खाली असण्यात). वर्षभर हे केलंत तर मुलाखतीत तुम्ही जे बोलाल ते शिकवणीच्या नोट्समधून येणार नाही.

इंग्रजीची भीती मी समजू शकतो, मीही मराठी शाळेतलाच. परीक्षेत अर्थशास्त्राचे वर्णनात्मक पेपर असतात आणि इंग्रजीचाही भाग असतो, त्यामुळे लिहावं लागणारच. पण तिथे साहित्यिक इंग्रजी कोणी मागत नाही. छोटी वाक्यं, कर्ता स्पष्ट, एका परिच्छेदात एकच मुद्दा. बुलेटिनमधल्या लेखाचा गोषवारा रोज एक, स्वतःच्या शब्दांत, दहा ओळींत लिहा. सहा महिन्यांत फरक दिसेल. बोलण्यातला अडखळेपणा पहिल्या वर्षात जातो, आणि कँटीनमध्ये मराठी, तमिळ, बंगाली, उडिया सगळं चालतं.

‘नेट’ची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, तयारी सोडू नका. डीईपीआरच्या अभ्यासक्रमाशी ती बरीच जुळते आणि इथल्या जागा फारच थोड्या निघतात. दर वर्षीच्या जाहिरातीतली टक्क्यांची आणि वयाची अट मात्र स्वतः वाचा. एम.फिल. आणि पीएच.डी.वाल्यांना वयात सवलत असते.

शेवटी, तुमचा प्रबंध कांद्याच्या भावावर आहे असं तुम्ही लिहिलंय. मुलाखतीत तिथूनच सुरुवात होईल हे धरून चाला. लासलगावचा घाऊक भाव घेतला की ग्राहकाने दिलेला, का घेतला, आणि निर्यातबंदीच्या महिन्यांचं काय केलं, याची उत्तरं न अडखळता देता आली पाहिजेत.